वेलीचं पील

प्रिय नाना,

अक्का, तुमचीच बहीण, म्हणाली, "जे केलं ते तुह्या बापाले तूच सांग. मी नही सांगनार." म्हणून हे पत्र. तुमच्या फोटोसमोर उभं राहून बोलणं मला जमत नाही. तुम्ही अंगणात खुर्चीवर बसलेले असायचात तेव्हा तरी मी कुठे फार बोलत होते? लिहिता मात्र येतं.

आमच्या माती परीक्षणाच्या अहवालात निष्कर्ष शेवटच्या पानावर असतो. तुम्ही माझा कुठलाही अहवाल हातात घेतला की आधी तेच पान उघडायचात. तेव्हा तुमच्या सवयीप्रमाणे निष्कर्ष आधी सांगते. अंगणातल्या वेलीचं पील मी कापलं. अगदी मुळाशी, करवतीने. आणि उरलेल्या वेलीची खरड छाटणी केली. एप्रिलमध्ये, जळगावच्या ऐन उन्हात.

रागावलात? रागवा. पण पत्र पुरतं वाचा.

ती रोपं तुम्ही आणलीत तो दिवस आठवतो? नाशिककडच्या एका वाइनच्या बागेत ठिबक बसवायचं काम तुमच्याकडे होतं. काम संपवून एसटीने परत आलात ते ओल्या गोणपाटात गुंडाळलेली दोन कलमं मांडीवर घेऊन. आईला वाटलं गुलाब आहेत. तुम्ही म्हणालात, "शिराज." आईने विचारलं, "म्हणजे काय?" तुम्ही जरा थांबून, आवाज खाली आणून सांगितलंत, "द्राक्षं. पन खायाची नही."

आईने कपाळाला हात लावला! "अहो, रावेरच्या केळीवाल्यांच्या घरात दारूची वेल?"

त्यावर तुम्ही जे बोललात ते मी तेव्हा अभ्यासाचं पुस्तक समोर धरून ऐकत होते. त्या बागेच्या मालकाने काढणीनंतर सगळ्या कामगारांना घोट घोट वाइन चाखायला दिली होती. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा चाखलीत, आणि शेवटचीही तीच. तुम्ही म्हणालात, "इतकी वर्षं लोकांच्या शेतात पानी सोडलं. त्याचं काय झालं ते कधी पाह्यलं नही. केळी ट्रकमधी भरली का गेली. हे पह्यल्यांदा पानी माह्याकडे परत आलं." मग विचार करून चव सांगितलीत: जांभळाच्या सालीसारखी, मागे ओल्या मातीचा वास.

एक बाटली. आपल्या अंगणातल्या द्राक्षांची एकच बाटली तुम्हाला हवी होती. प्यायला नाही, फडताळात आईच्या लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवायला. आई म्हणाली, "देवघराच्या भिंतीला टेकवायची नाही, सांगून ठेवते." म्हणजे तिची परवानगी होती!

दोनपैकी एक कलम पावसाळ्यात सडलं. दुसरं जगलं. आई पाहुण्यांना सांगायची, "मनुक्याची वेल आहे." पण समोरच्या कापडदुकानवाल्या काकींना खरं माहीत होतं. कांदा-लसूणही न खाणाऱ्या त्या बाई रोज सकाळी फाटकातून हाक मारायच्या, "काय नाना, आज दारूला पाणी घातलं का?" आणि तुम्ही तितक्याच गंभीरपणे, "घातलं न भाभी. तुमच्याकडे पाठवू का वाटीभर?"

पाणी घातलं. तेच तर सगळं झालं, नाना!

तुम्ही वेलीला केळीसारखं वाढवलंत. रोज ठिबक. बुंध्याभोवती आळं, आळ्यात शेणखत. दर पावसाळ्यानंतर बुंध्याला मातीची भर, कारण केळीला भर लावतात. द्राक्षाला तहान लागू द्यावी लागते, नाहीतर ती नुसती पानं काढत बसते, हे मी धुळ्याला शिकायला गेल्यावर पहिल्याच वर्षी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. तुमचं उत्तर: "तहानलेलं ठेवू का दारातलं झाड? लोक काय म्हनतीन?"

बरं, पाण्याचं एक वेळ सोडून देऊ. भर लावल्याने कलमाचा जोड मातीखाली गेला. आणि जोडाच्या खालून, खुंटातून, एक फूट वर आली.

बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल, तुम्हाला नाही. केळीच्या बुडातून पिलं फुटतात. त्यातलं एक जोमदार पील राखायचं, बाकीची कापायची. आईझाड घड देऊन संपतं आणि पुढचं पीक ते पील देतं. तुमच्या वडिलांनी हेच केलं, तुम्हीही लहानपणी हेच केलंत. म्हणून वेलीच्या बुडातून फूट आलेली पाहून तुम्हाला आनंद झाला. तुम्ही तिला काठीचा आधार दिलात, सुतळीने बांधलंत, मांडवावर चढवलंत. मी सुट्टीला घरी आले तेव्हा मला हाताला धरून दाखवलंत, "पाय, पील धरलं वेलीनं!"

ते वेलीचं पील नव्हतं, नाना. ते खुंटाचं होतं. कलमात वरची काडी शिराजची असते आणि खालचं मूळ रानटी द्राक्षाचं, कारण ते कोरड्या, क्षारांच्या जमिनीत तगतं. त्या खुंटातून आलेली फूट कितीही वाढवा, तिला शिराजचा एक मणी लागणार नाही. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, दोन पानं तोडून तुमच्या तळहातावर ठेवली. एक शिराजचं, खोल कापलेलं, मोठं. दुसरं खुंटाचं, लहान, राखेसारखी लव असलेलं. आई शेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

तुम्ही दोन्ही पानं उन्हात धरून पाहिलीत. फरक तुम्हाला दिसला, मला खात्री आहे. इंचभर नळीतला गळका थेंब लांबून ओळखणारा माणूस तुम्ही! पण म्हणालात काय? "पील कापता का कोनी? मोठं झाड गेलं का तेच तं राह्यतं."

आणि वाढत गेलं ते. शिराजचा अन्न-पाण्याचा वाटा घेऊन वाढलं. दोन-तीन वर्षांत अर्ध्याहून जास्त मांडव त्याचा झाला आणि खरी वेल भिंतीकडच्या कोपऱ्यात एका हडकुळ्या ओलांड्यावर, तारेवरच्या आडव्या फांदीवर, उरली. तुमची खुर्ची त्या पिलाच्या खाली असायची. तिथली सावली सगळ्यात दाट होती, हे मी नाकारत नाही. एप्रिल-मे महिन्यात सगळी कॉलनी कूलरसमोर बसलेली असायची आणि तुम्ही, आई नि रावेरहून आलेली अक्का त्या मांडवाखाली टरबूज कापत असायचात.

दर एप्रिलला मी छाटणीचा विषय काढायचे. आपल्याकडे द्राक्ष वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून वेल ओलांड्यापर्यंत उघडी करतात, मग नव्या काडीच्या डोळ्यांवर ऊन पडून आत घडाची तयारी होते. सावलीतला डोळा वांझ राहतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो घड बाहेर येतो. एप्रिल चुकला की पुढचं सगळं चुकलं. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "इतक्या उन्हात झाडाचे कपडे काढू का मी? ऑक्टोबरमधी पाहू." ऑक्टोबरमध्ये म्हणायचात, "आता फुटलीय छान, राहू दे."

एकदाच शिराजला फळ आलं. भिंतीवरून पलीकडे गेलेल्या एका काडीला, जिथे दिवसभर ऊन लागायचं, मुठीएवढा घड लागला होता. तुम्ही मला धुळ्याला फोन करून दबक्या आवाजात हसलात. मी म्हटलं, "जिथे ऊन तिथे घड. दिसलं का?" तुम्ही म्हणालात, "दिसलं." मी शनिवारी येईपर्यंत बुलबुलांनी देठ ठेवले होते फक्त. तुम्ही ते देठ मला दाखवायला जपून ठेवले होते!

"दिसलं" म्हणालात ना? मग पुढच्या एप्रिलमध्ये का नाही कापलंत?

हा प्रश्न मी तुम्हाला विचारायचा ठेवला होता. पण छातीतलं दुखणं तुम्ही पित्त समजलात, ओवा खाल्लात, आईला सांगितलं नाहीत, मला तर नाहीच. त्याबद्दल माझा राग आहे आणि तो कमी होईल असं मला वाटत नाही. जानेवारीत तुम्ही गेलात. वेलीला तेव्हा एकही घड नव्हता. पानं भरपूर होती.

एप्रिल आला. मी शनिवारच्या सकाळी धुळ्याहून करवत, छाटणीची कात्री आणि बोर्डो पेस्टचा डबा घेऊन आले. पारोळ्याला एसटीत शेजारच्या बाईने विचारलं, "ताई, सुतारकाम करतस का?" मी हो म्हटलं. समजावत बसण्याची माझी तयारी नव्हती.

अक्का आधीच आलेली होती. दरवर्षीसारखी, तिच्या त्याच पिशवीसकट. मी अंगणात वर्तमानपत्र पसरून हत्यारं मांडली तेव्हा ती मांडवाखाली बसूनच म्हणाली, "काय करू राह्यली वं पोरी?"

मी सांगितलं. काय कापणार, कुठे कापणार, का कापणार.

अक्काने मांडवाकडे वर पाहिलं. मग आईकडे वळून म्हणाली, "पाय वं, पीलच पिलाले कापू राह्यलं."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मला विचारलं, "भिंतीकडची ती काडी. ती फुटली नाही तर?"

"तर माझी चूक."

"चुकीखाली बसता येत नाही, कीर्ती."

खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं. पील कापल्यावर मांडवावर एकच ओलांडा उरणार होता, तोही वर्षानुवर्षं उपाशी. एप्रिलच्या उन्हात उघडा पडलेला ओलांडा तडकू शकतो, डोळे आतल्या आत वाळू शकतात. तसं झालं असतं तर तुमची सावलीही गेली असती आणि तुमची बाटलीही. आईकडे तुमचं म्हणून जे काही हाताला लागेल असं उरलं आहे, त्यातलं सर्वांत मोठं ते झाड आहे. मी ते एका सकाळी संपवू शकत होते.

मग थांबावं का? मी विचार केला, नाना. मला थांबायचं कारण सापडलं नाही. न कापता ठेवलं तर दोन वर्षांत शिराज नक्की मरणार होती. शंका आणि खात्री यांत मी शंका निवडली. आईला एवढंच म्हटलं, "नानांना सावली नको होती. त्यांना द्राक्षं हवी होती. सावली त्यांना आवडायला लागली, एवढंच." ती आत निघून गेली.

आधी बुडाची माती उकरली. जोड सापडेपर्यंत तुम्ही किती वर्षं भर घातली होती ते कळलं. मग करवत लावली. पील माझ्या मनगटापेक्षा जाड झालं होतं. ते लहान असताना तुम्ही बांधलेली सुतळी त्याच्या सालीत रुतून बसली होती, तिच्याभोवती लाकूड वाढलं होतं. मी ती सुतळी कापली नाही. तेवढा तुकडा वेगळा काढून ठेवला आहे.

कापल्यावर बुडातून पाणी गळायला लागलं. इतकी वर्षं रोज पाणी पिणारं झाड, दुसरं काय होणार? थेंबाला थेंब लागून धार झाली.

अक्का म्हणाली, "रडू राह्यली पाय."

"ते पाणी आहे, अक्का. मुळांचा दाब असतो."

"डोयातलं बी पानीच राह्यतं वं."

मी काम चालू ठेवलं. शिराजच्या प्रत्येक काडीवर एक डोळा राखून बाकी सगळं छाटलं. जखमांवर पेस्ट लावली. संध्याकाळपर्यंत मांडवावर तारा आणि एक काळपट दांडा एवढंच उरलं. अंगणात ऊन सरळ खाली आलं. तुमची खुर्ची किती फिकट झाली आहे हे त्या उजेडात दिसलं. समोरच्या काकी फाटकापर्यंत आल्या, वर पाहिलं आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

ओलांडा ओला आणि झाकलेला ठेवायचा होता. मी खताच्या रिकाम्या गोण्या कापायला घेतल्या. तेव्हा मात्र अक्का उठली. "युरियाच्या गोनीमधी गुंडाळशीन माह्या भावाच्या वेलीले? लाज नही वाटत?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती रावेरला गेली. मला वाटलं रुसून गेली. संध्याकाळी परत आली ती केळीच्या सोपटांचा भारा घेऊन! खांबाच्या बाहेरच्या त्या ओल्या साली, ज्यांनी गजरे बांधतात. तिने त्या ओलांड्यावर एकावर एक गुंडाळल्या, एखाद्याच्या मोडक्या हाताला पट्टी करावी तशा. वरून मी हिरवी जाळी बांधली. गाठी तिच्या माझ्यापेक्षा घट्ट होत्या.

धुळ्याला परतताना मी आईला कागदावर लिहून दिलं: सकाळ-दुपार-संध्याकाळ सोपटांवर पाणी शिंपडायचं, मुळाशी द्यायचं नाही. तिने कागद घेतला आणि वाचला नाही. पुढचे दोन आठवडे ती फोनवर फक्त जेवलीस का एवढंच विचारायची. प्रयोगशाळेतल्या आमच्या शिपाईभाऊंना मी एकदा सहज सांगितलं, तर ते म्हणाले, "बठ्ठी वेल कापी टाकी? मायनी काय म्हनं?" माय काही म्हणत नव्हती, तीच अडचण होती.

तिसऱ्या शनिवारी मी आले. सोपटं ओली होती. मी एक गाठ सोडून आत पाहिलं. डोळे फुगले होते, कापसासारखी गुलाबी लव, एक सोडून सगळे. मी हाक मारली नाही. आई मागे येऊन उभी होती. तिने पाहिलं, "बांध परत, ऊन लागेल," म्हणाली आणि पोहे करायला गेली.

आता जून लागला आहे. काड्या माझ्या हातभर झाल्या आहेत. जाळी काढली आहे, सगळ्या पानांवर ऊन पडतं आहे. डोळ्यांत घड तयार होतो आहे की नाही ते आज बाहेरून दिसणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा कापून पाहता येतो, पण मी एकही डोळा कापणार नाही. ऑक्टोबरपर्यंत थांबेन.

आणि आज आईचा फोन आला. ऑफिसच्या वेळेत ती कधी करत नाही, म्हणून मी बाहेर येऊन घेतला.

"खाली एक फुटलंय," ती म्हणाली. "मातीतून. पान लहान आहे, राखेसारखं. हेच ना ते?"

म्हणजे त्या दिवशी तांदूळ निवडताना तिने सगळं ऐकलं होतं, नाना!

मी म्हटलं, "हो. तेच."

"काढू का?"

मागून अक्काचा आवाज आला, "राहू दे न वं, एवढूसं तं हाये!"

"थांबा हो अक्का," आई म्हणाली. "कीर्ती, अगं बोल की. काढू?"

"मुळासकट काढ. वरून तोडू नकोस, नाहीतर दोन येतील."

तिने फोन कुठेतरी ठेवला असावा. बांगड्यांचा आवाज आला, माती उकरल्याचा आला, मग अक्काचं काहीतरी पुटपुटणं. बराच वेळ. मग आई परत आली, धापा टाकत. "निघालं," म्हणाली. आणि फोन ठेवायच्या आधी, "त्यांची खुर्ची मी भिंतीकडे नेली आहे. तिकडे येईल ना सावली?"

येईल, मी म्हटलं. पण विरळ असेल.

"चालेल," ती म्हणाली.

म्हणून आज लिहायला बसले. अक्काने सांगितलं ते काम पूर्ण झालं.

आता तुम्हाला शब्द देते, आणि मी न होणारं बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. ऑक्टोबरची छाटणी मी करीन. घड आला तर त्यावर जाळी चढवीन, बुलबुलांना यंदा देठही मिळणार नाहीत. वाइन कशी करतात ते मला येत नाही. शिकेन. बाटली लोणच्याच्या बरणीशेजारी राहील, देवघराच्या भिंतीपासून लांब. घड नाही आला तर पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा कापीन, त्याच्या पुढच्या एप्रिलमध्येही. अक्का काहीही म्हणो, आई बोलो न बोलो. आणि बुडातून जे फुटेल ते आई काढेल. ते तिला आता ओळखता येतं.

पाणी कमी देणारी,
तुमची कीर्ती